अपस्फीत नीला : घरगुती उपचारांचा इतिहास

अपस्फीत नीला : पायाच्या त्वचेखालील नीला कायमच्या फुगून, लांबून व नागमोडी होतात त्या विकृतीस ‘अपस्फीत नीला’ अथवा इंग्रजी नावावरून ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. बोलभाषेत ‘शिरा फुगणे’ किंवा ‘नसा फुगणे’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. विकृती सहसा जिवावर बेतणारी नसते. परंतु पाय जड होणे, ठणकणे, सायंकाळी घोट्याभोवती सूज येणे, त्वचा काळवंडणे, इसब होणे आणि अखेरीस घोट्याच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे न भरणारा व्रण होणे, या क्रमाने ती माणसाला काही प्रमाणात पंगू करते. शस्त्रक्रियेचे उल्लेख प्राचीन असले, तरी या विकाराच्या ज्ञात इतिहासातील बहुसंख्य रुग्णांनी आपला पाय घरीच सांभाळला आहे. पट्टी, मोजा, उशी, तेल, लेप व पाणी ही त्यांची साधने होत. या साधनांचा इतिहास शस्त्रक्रियेच्या इतिहासाइतका लिहिला गेला नाही. मात्र आजही ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होते व ज्यांच्यावर होत नाही, त्या दोघांनाही यांपैकी काही साधनांचा आधार घ्यावा लागतो.

या इतिहासात एक प्रश्न सतत पुढे येतो. पाय वर करून पडून राहिल्यास सूज ओसरते व व्रण भरतो, हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. पण ज्यांना हा विकार अधिक छळतो त्यांना पडून राहणे परवडत नाही. स्वयंपाकी, धोबी, विणकर, न्हावी, दुकानातील नोकर, वाहतूक पोलीस, शिक्षक व घरातील स्त्री यांना पाय खाली ठेवूनच दिवस काढावा लागतो. विश्रांतीचे काम उभ्या व चालत्या माणसाच्या पायावर कसे करवून घ्यावे, याचा शोध म्हणजे या उपचारांचा इतिहास होय.

विकृतीचे स्वरूप : पायातील रक्त हृदयाकडे चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनामुळे. स्नायू आवळला की खोल नीलांतील रक्त वर ढकलले जाते आणि सैल झाला की त्वचेखालील नीलांतील रक्त वेधी नीलांच्या वाटे आत ओढले जाते. रक्त उलट फिरू नये म्हणून नीलांत जागोजाग झडपा असतात. निश्चल उभ्या असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या घोट्याजवळील नीलेत सु. ८०–१०० मिमी. पाऱ्याइतका दाब असतो. तो हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाच्या वजनाचा असतो. निरोगी माणूस चालू लागताच काही पावलांत हा दाब ३० मिमी.च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. झडपा निकामी झालेल्या पायात तो चालूनही पुरेसा उतरत नाही. दाब सतत चढा राहिल्याने द्रव व रक्तपेशी ऊतकांत झिरपतात, त्वचेवर तपकिरी डाग पडतात व तिचे पोषण बिघडते. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलता, दीर्घकाळ उभे राहणे व खोल नीलांत पूर्वी रक्त गोठलेले असणे ही या विकाराशी निगडित कारणे होत. हा विकार प्रामुख्याने स्त्रियांचा, असा समज सर्वत्र आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एडिंबरो येथील पाहणीत १८ ते ६४ वर्षे वयाच्या १,५६६ व्यक्ती तपासण्यात आल्या. त्यांत मुख्य नीला फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत सु. ४०% व स्त्रियांत सु. ३२% आढळले. पुरुष वैद्याकडे कमी जातात, इतकाच त्या समजाचा अर्थ असावा.

प्राचीन काळ : इ. स. पू. सु. १५५० मधील एबर्स पपायरस या ईजिप्शियन हस्तलिखितात नागमोडी, गाठाळ व वाऱ्याने फुगल्यासारख्या दिसणाऱ्या वाहिन्यांचा उल्लेख असून त्यांना शस्त्र लावू नये असा इशारा आहे. तो अपस्फीत नीलांविषयीच असावा असे मानतात. अथेन्सच्या ॲक्रॉपलिसच्या पायथ्याशी असलेल्या अमिनॉस या आरोग्यदात्या वीरपुरुषाच्या स्थानी इ. स. पू. चौथ्या शतकातील एक शिल्प सापडले आहे. लायसिमाकीडीझ नावाच्या भक्ताने वाहिलेल्या या शिल्पात एक पुरुष स्वतःच्या उंचीएवढा पाय दोन्ही हातांनी धरून उभा असून त्या पायाच्या आतील बाजूने फुगलेली शीर कोरलेली आहे. आपल्याकडे नवस फेडताना देवाला चांदीचे डोळे किंवा पाय वाहतात, त्याच जातीचे हे अर्पण होय.

हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील ग्रंथांत पायावर व्रण असताना उभे राहणे हितावह नाही असे म्हटले असून फुगलेल्या शिरेला मोठा छेद न देता ती टोचून रक्त काढावे असे सुचविले आहे. उभे राहणे व व्रण यांचा संबंध इतक्या लवकर ओळखला गेला, ही लक्षणीय गोष्ट आहे. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस यांनी शीर डागणे व कापून काढणे असे दोन्ही मार्ग वर्णिले आहेत. ते किती क्लेशकारक होते, हे गेयस मेअरियस (मृत्यू इ. स. पू. ८६) या सात वेळा कॉन्सल झालेल्या सेनानीच्या कथेवरून कळते. प्लूटार्कच्या चरित्रग्रंथानुसार त्याच्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या होत्या. बांधून न घेता, आवाजही न करता त्याने एका पायाची शस्त्रक्रिया सोसली. परंतु वैद्य दुसऱ्या पायाकडे वळताच, मिळणारा गुण या यातनांच्या मोलाचा नाही असे सांगून त्याने पुढील उपचार नाकारला. भूल देण्याचे तंत्र येईपर्यंतच्या पुढील सु. १,९०० वर्षांत असंख्य सामान्य रुग्णांचा निर्णय याहून वेगळा नसणार.

भारतीय परंपरेत या विकाराचा नेमका पर्याय शोधताना सावधगिरी बाळगावी लागते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात ‘सिराज ग्रंथी’ वर्णिली आहे. दुर्बळ माणसाने अतिश्रम केल्यास वायू शिरांचे जाळे पीडून, आखडून व सुकवून उंचवट्याची गाठ निर्माण करतो, असे तेथील प्रतिपादन आहे. आधुनिक लेखक तिचे अपस्फीत नीलांशी सरसकट समीकरण मांडतात. वर्णनात पायाचा किंवा उभे राहण्याचा निर्देश नसल्याने ते समीकरण पूर्णपणे पटत नाही. याउलट पट्टबंधनाविषयी संहितेने दिलेली माहिती निःसंशय व्यवहार्य आहे. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात चौदा प्रकारचे बंध सांगितले असून हातापायांसाठी वेढे घेत जाणारा ‘अनुवेल्लित’ बंध योजला आहे. बंधाचे गाढ, सम व शिथिल असे आवळपणाचे तीन दर्जे करून हातापायांवर तो ‘सम’ असावा असे म्हटले आहे. पट्टीचा आवळपणा अवयवानुसार बदलावा ही जाण त्यात स्पष्ट दिसते. जळवा लावून रक्त काढण्याची पद्धतीही तेराव्या अध्यायात सविस्तर आली आहे. ती महाराष्ट्रासह अनेक प्रांतांत अलीकडेपर्यंत लोकव्यवहारात होती. सुजलेल्या शिरेतील रक्त तीमुळे क्षणभर कमी होते. झडपांवर तिचा काही परिणाम होत नाही आणि व्रण असल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भारताच्या किनारी प्रदेशांत पायाच्या सुजेचे आणखी एक जुने कारण म्हणजे श्लीपद किंवा हत्तीरोग होय. त्यात दोष लसीकावाहिन्यांचा असतो. लोकांच्या बोलण्यात दोन्ही विकारांची गल्लत होत असल्याने जुन्या घरगुती उपायांच्या यशापयशाच्या कथा जपूनच वाचाव्या लागतात. [⟶ हत्तीरोग].

व्रण वाहता ठेवण्याची समजूत : गेलेन यांच्या दोषसिद्धांतानुसार फुगलेल्या शिरेत कृष्णपित्तयुक्त जाड रक्त साठलेले असते आणि पायाचा व्रण हा ते दूषित द्रव्य बाहेर पडण्याचा मार्ग होय. यावरून असा निष्कर्ष निघाला की, व्रण भरू देणे धोक्याचे. तो बुजल्यास दोष आत वळून वेड किंवा अन्य भयंकर रोग होतील. मध्ययुगात ही समजूत इतकी दृढ होती की, भरत आलेला व्रण मुद्दाम पुन्हा उघडला जाई. तिचे अवशेष यूरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकले. ‘पायातून घाण निघून जाते ती जाऊ द्यावी’ हे वाक्य आपल्याकडील वृद्धांच्या तोंडी आजही ऐकू येते. त्याचा उगम गेलेनमध्ये शोधण्याचे कारण नाही. वाहणाऱ्या जखमेविषयी माणसाचे तर्क सर्वत्र सारखेच चालत असावेत.

या सिद्धांताच्या सावलीतही काही शल्यविशारदांनी पट्टी सोडली नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील आंरी द मोंदव्हील यांनी पायावर दाब देणारी पट्टी बांधण्याचा पुरस्कार केला. अर्थात दाबाने दुष्ट द्रव्ये व्रणातून बाहेर ढकलली जातात, अशी त्यामागील त्यांची उपपत्ती होती. उपपत्ती चुकीची व उपचार बरोबर, असा योग वैद्यकाच्या इतिहासात विरळा नाही. सोळाव्या शतकात आंब्र्वाझ पारे यांनी पावलापासून गुडघ्यापर्यंत पट्टी गुंडाळण्याची रीत वापरली. पट्टीची सुरुवात खालून व्हावी हा नियम तेव्हापासून आजवर बदललेला नाही.

झडपांचा शोध व चामड्याचा मोजा : पॅड्युआ विद्यापीठातील फाब्रीत्स्यूस यांनी १६०३ साली नीलांतील झडपांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. रक्ताचा वेग मंदावून ते खालच्या भागात साचू नये हे झडपांचे कार्य, असे त्यांना वाटले. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी यांनी दंडावर फीत आवळून व बोटाने शीर दाबून झडपा रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेने जाऊ देतात हे दाखविले आणि १६२८ मध्ये रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला. [⟶ रुधिराभिसरण तंत्र]. या शोधाचा पायाच्या शिरांशी संबंध जोडण्याचे श्रेय दुसऱ्या चार्ल्सचे शस्त्रवैद्य रिचर्ड वाइझमन यांना दिले जाते. १६७६ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी शीर रुंदावल्याने झडपा अपुऱ्या पडतात असे सुचविले, व्रणाचा शिरांशी संबंध दर्शविणारे नाव योजिले आणि नाडीने आवळता येणारा मऊ चामड्याचा मोजा वर्णिला. पट्टी नीट बांधण्यास सवयीचा हात लागतो. मोजा रुग्णाला स्वतःच घालता येतो व सूज उतरेल तसा आवळून घेता येतो. रुग्णाच्या स्वतःच्या हाती राहणारे पायासाठी बेतलेले साधन म्हणून या मोजाचे महत्त्व विशेष आहे. अर्थात चामड्याचे शिवलेले मोजे सामान्य मजुराच्या आवाक्यातील नव्हते.

चालत्या रुग्णाचा उपचार : अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रुग्णालये पायाच्या जुनाट व्रणांच्या गरीब रुग्णांनी भरलेली असत. त्यांना महिनोन् महिने खाटेवर निजवले जाई, व्रण भरत आला की घरी पाठविले जाई आणि कामावर उभे राहताच व्रण पुन्हा उघडे. ब्रिस्टल येथील टॉमस बेंटन यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत ही साखळी तोडणारी पद्धत दिली. चिकट लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या पायाभोवती एकीवर एक अर्धवट येतील अशा आवळून चिकटवायच्या, त्यांवर सुती पट्टी गुंडाळायची, आग होत असल्यास वरून थंड पाणी शिंपडायचे आणि रुग्णाला चालू-फिरू द्यायचे. विश्रांतीची सक्ती काढून टाकणे, किंबहुना चालण्याला उपचाराचा भाग मानणे, ही यातील खरी नवी गोष्ट होती. पोटरीचा स्नायू ताठ आवरणाच्या आत आकुंचन पावतो तेव्हा दाब आतील नीलांवर पडतो, हे स्पष्टीकरण बेंटन यांच्याजवळ नव्हते. अनुभव मात्र होता.

याच तत्त्वावर हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्त ऑक्साइड, जिलेटीन व ग्लिसरीन यांच्या खळीत भिजवलेल्या पट्टीचा लेपबंध प्रचारात आणला. ओला असताना पायावर गुंडाळलेला हा बंध वाळून बुटासारखा होतो व एकदा बांधला की आठवडाभर राहतो. त्वचेची जळजळ जस्तामुळे शमते. ‘उना बूट’ या नावाने तो आजही वापरात आहे. विसाव्या शतकात लंडनच्या आर्थर डिक्सन राइट यांनी १९३०च्या सुमारास लवचिक चिकटपट्टीच्या साहाय्याने व्रणाच्या रुग्णांना चालते ठेवून बरे केले. या व्रणाला त्यांनी गुरुत्वाकर्षणाशी निगडित नाव दिले होते. कारणाचा बोध पाहता ते नाव टिकायला हवे होते.

रबराचे आगमन : चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व १८४४ मध्ये एकस्व घेतलेल्या व्हल्कनीकरणामुळे उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ न होणारा रबराचा धागा मिळाला. १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ब्राउन यांनी स्थितिस्थापक मोजाचे एकस्व घेतले. उघड्या रबरी धाग्याने त्वचा सोलवटे. १८६१ मध्ये जोनाथन स्पार्क्स यांनी रबराच्या धाग्यावर सूत व रेशीम गुंडाळण्याची कृती एकस्वित केली आणि मोजा अंगावर सोसवेल असा झाला. पुढे रबराऐवजी संश्लेषित धागे व अखंड विणकाम आले. तरीही दाब किती असावा याचे मोजमाप नव्हते. तो विणणाऱ्याच्या अंदाजावर अवलंबून असे.

मोजमापाचा विचार एका रुग्णाने केला. अमेरिकेतील टोलीडो (ओहायओ) येथील जर्मन वंशाचे यंत्र-अभियंते कॉनराड जोब्स्ट यांना पायाच्या शिरांचा व व्रणाचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे असताना पायाला बरे वाटते हे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो, म्हणजे घोट्यावर सर्वाधिक व वर जाताना कमी होत जातो. शिरेतील रक्ताचा दाबही तसाच असतो. बाहेरचा दाब आतल्या दाबाशी जुळता असावा, या कल्पनेवर त्यांनी घोट्यावर घट्ट व मांडीकडे क्रमाने सैल होत जाणारे मोजे तयार केले आणि १९५० मध्ये त्यांचे उत्पादन सुरू केले. पुढे अनेक देशांनी मोजांचे दाबानुसार वर्ग ठरविले. ब्रिटिश प्रमाणानुसार घोट्यावरील दाब पहिल्या वर्गात १४–१७, दुसऱ्यात १८–२४ व तिसऱ्यात २५–३५ मिमी. पारा इतका असतो. जर्मन वर्ग याहून वरच्या दाबाचे आहेत. त्यामुळे ‘दुसऱ्या वर्गाचा मोजा’ एवढेच सांगून भागत नाही, हे दुकानात विचारणा करताना लक्षात ठेवणे इष्ट.

पट्टीलाही हेच गणित लागू पडते. लाप्लास यांच्या नियमानुसार पट्टीखालील दाब तिच्या ताणाच्या सम व अवयवाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाय घोट्याशी बारीक व पोटरीशी जाड असल्याने एकसारख्या ताणाने गुंडाळलेली पट्टी आपोआपच खाली अधिक व वर कमी दाब देते. मात्र पोटरीवर अधिक ताण देऊन तीच पट्टी गुडघ्याखाली आवळल्यास ती फाशासारखी होऊन सूज वाढवते. घरोघरी बांधल्या जाणाऱ्या क्रेप पट्ट्यांतील नेहमीचा दोष हाच होय. १९८८ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या चार थरांच्या पट्टबंधात कापूस, क्रेप, लवचिक व स्वतःला चिकटणारी पट्टी असे थर असून त्याने घोट्यावर सु. ४० मिमी. दाब आठवडाभर राखता येतो. हा बंध रुग्णाच्या घरी किंवा वस्तीतील दवाखान्यात परिचारिका बांधते. व्रणाचा उपचार रुग्णालयातील खाटेवरून पुन्हा घरी येण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

शस्त्रक्रिया व अंतःक्षेपण : भूल व निर्जंतुक शस्त्रक्रिया यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्क यांनी १८९१ मध्ये मांडीतील लांब नीला बांधण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. १९०५ ते १९०७ या काळात केलर, मेयो व बॅबकॉक या अमेरिकी शल्यविशारदांनी ती नीला ओढून काढण्याच्या रीती दिल्या. आयर्लंडमधील जॉर्ज फेगन यांनी १९६०च्या दशकात शिरेत काठिण्यकारी द्रव्य टोचून वर घट्ट पट्टी बांधण्याची आणि रुग्णाला रोज चालावयास लावण्याची पद्धत रूढ केली. येथेही बेंटन यांचाच धडा पुन्हा दिसतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून शिरेत बारीक नळी घालून रेडिओ-तरंगांच्या किंवा लेसरच्या उष्णतेने ती बंद करणे शक्य झाले. ही क्रिया स्थानिक भुलीखाली होते व रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

घरगुती उपायांची आजची स्थिती : या नव्या क्रियांमुळे मोजाचे स्थान बदलले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१३ मध्ये अशी शिफारस केली की, त्रासदायक अपस्फीत नीलांवर प्रत्यक्ष क्रिया करणे अयोग्य असेल तरच मोजांचा उपचार द्यावा. मोजाने ठणका व सूज कमी होते. बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही आणि नव्या शिरा फुगण्याचे थांबते असा पुरावा नाही. व्रणाच्या बाबतीत मात्र पट्टबंधनाचे महत्त्व कमी झालेले नाही. पट्टबंधनाला शस्त्रक्रियेची जोड दिल्यास व्रण पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षभरात २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते, असे २००४ मधील ब्रिटिश चाचणीत दिसले. २०१८ मधील दुसऱ्या चाचणीत पट्टबंधनासोबत सुरुवातीलाच शीर बंद केलेल्या रुग्णांचे व्रण मध्यमानाने ५६ दिवसांत, तर ही क्रिया लांबणीवर टाकलेल्यांचे ८२ दिवसांत भरले. व्रण झाल्यावर केवळ घरी पट्टी बांधत वर्षे काढू नयेत, हे यावरून उघड होते.

मोजा सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज चढण्याआधी घालतात व रात्री काढतात. धुऊन-वापरून त्याचा ताण जातो. म्हणून तो साधारणतः सहा महिन्यांनी बदलावा लागतो. आपल्या हवामानात, विशेषतः कोकण-गोव्याच्या घामट उन्हाळ्यात, दिवसभर मोजा घालणे कष्टाचे असते. पायाचे रुग्ण तो पेटीत ठेवून देतात याचे कारण आळस नव्हे. अशा वेळी गुडघ्यापर्यंतचा, कमी दाबाचा पण नियमित घातला जाणारा मोजा न घातलेल्या उत्तम मोजापेक्षा बरा. पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या व्यक्तींना मात्र दाब देणे घातक ठरते. घट्ट पट्टीने त्यांच्या पायाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. त्यामुळे मधुमेही, धूम्रपान करणारे व वृद्ध यांच्या घोट्यातील व दंडातील रक्तदाबांचे गुणोत्तर तपासून मगच मोजा देतात. ते ०·८ पेक्षा कमी असल्यास नेहमीचा दाब वापरीत नाहीत.

पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवून दिवसातून काही वेळा पडणे, रात्री खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून ती थोडी उंच करणे, उभे असताना टाचा उचलणे व घोटे फिरवणे, रोज चालणे आणि वजन आटोक्यात ठेवणे हे जुने उपाय शरीरक्रियेच्या कसोटीवर उतरतात. बव्हेरियातील धर्मोपदेशक सेबास्टियान क्नाइप (१८२१–९७) यांनी लोकप्रिय केलेली गुडघ्याखाली थंड पाण्याची धार धरण्याची कृती पायाला तात्पुरता आराम देते. घोडचेस्टनटच्या बियांच्या अर्काने सूज व ठणका काही प्रमाणात कमी होतो असे अल्पकालीन चाचण्यांत आढळले आहे. कच्च्या बिया मात्र विषारी असतात. तेलाने हलक्या हाताने चोळणे कोरड्या त्वचेला उपकारक असले, तरी फुगलेल्या शिरा जोराने रगडणे, विशेषतः पोटरीत अचानक दुखून सूज आली असता, अनिष्ट होय. तेथे खोल नीलेत रक्त गोठल्याची शक्यता असते व ती गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. व्रणावर हळद, पाला, तंबाखू किंवा दुकानातून आणलेली निरनिराळी प्रतिजैविक मलमे लावण्याचा प्रघात आहे. पायाच्या जुनाट व्रणाच्या रुग्णांत लावलेल्या औषधांचीच ॲलर्जी होण्याचे प्रमाण मोठे असते आणि व्रण चिघळल्याचा दोष नंतर ‘रक्त बिघडल्या’वर ढकलला जातो.

एक प्रसंग मात्र खऱ्या अर्थाने तातडीचा असतो. घोट्याजवळची पातळ त्वचेची फुगलेली शीर खरचटून फुटल्यास उभ्या माणसाच्या पायातून चढ्या दाबाने रक्ताची धार लागते. रक्त वरून येते या समजुतीने मांडीला दोरी आवळणे हा येथील घातक प्रमाद होय; त्याने नीलांतील रक्त अडून स्राव वाढतो. माणसाला ताबडतोब आडवे करून पाय उंच धरणे व फुटलेल्या जागेवर स्वच्छ कापडाने दहा-पंधरा मिनिटे दाब देणे एवढ्याने रक्त थांबते. नंतर पट्टी बांधून रुग्णालयात न्यावे. खुर्चीत बसवून ठेवलेल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे अशा साध्या जखमेने मृत्यू झाल्याच्या नोंदी न्यायवैद्यकात आहेत.

व्यवसायाशी संबंध : दीर्घकाळ उभे राहणाऱ्यांना बसण्याची सोय देणे हाही या विकारावरील उपायच आहे, पण तो घरात करता येत नाही. ब्रिटनमध्ये १८९९ मध्ये दुकानांतील स्त्री-नोकरांसाठी आसने ठेवण्याचा कायदा झाला. भारतात १९४८च्या कारखाने अधिनियमातील ४४व्या कलमाने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना कामात अडथळा न येता मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून आसनांची तरतूद केली. परंतु दुकाने त्याच्या कक्षेबाहेर राहिली. केरळमधील कापडदुकानांत व सराफी पेढ्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसभर बसू न देण्याच्या प्रथेविरुद्ध केलेल्या चळवळीनंतर तेथील राज्यशासनाने २०१८ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क मान्य केला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली.